ऑक्टाव्हियाचे ३०० पीएस आणि पीयूसीची चिठ्ठी

प्रश्न थोडक्यात असा आहे. गाडी २०१८ ची स्कोडा ऑक्टाव्हिया १.८ टीएसआय (टर्बो पेट्रोल), सात गिअरची डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स), ६२,००० किलोमीटर चाललेली. रोज कोथरूड ते चाकण जाऊन-येऊन. मालकाला ३०० पीएस, म्हणजे साधारण तेवढेच हॉर्सपॉवर हवेत, पण गाडी रोजचीच राहिली पाहिजे आणि पीयूसी खरोखर नळी लावून निघाली पाहिजे, ओळखीने काढलेली चिठ्ठी नको.

ती शेवटची अट वाचून फार बरं वाटलं. पुण्यात टर्बो पेट्रोल गाड्यांचं रीमॅपिंग, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमधलं सॉफ्टवेअर बदलण्याचं काम, करायला लागून मला पंधरा वर्षं होत आली. येणारे बहुतेक जण पहिला प्रश्न आकड्याचा विचारतात, दुसरा आवाजाचा. पीयूसीचा विषय निघतो तो गाडी नापास झाल्यावर. तुम्ही तो आधी काढलात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तपासणीत नेमकं काय मोजतात याबद्दल गॅरेजमध्येही गोंधळ असतो. बीएस-४ आणि बीएस-६ पेट्रोल कारला स्लोवर (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसतं चालू) असताना कार्बन मोनॉक्साइड (सीओ) ०.३ टक्क्यांच्या आत आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएमच्या आत लागतो. मग रेस २५०० आरपीएमच्या आसपास धरायची. तिथे सीओ ०.२ टक्क्यांच्या आत आणि लॅम्बडा ०.९७ ते १.०३ या पट्ट्यात हवा. लॅम्बडा म्हणजे इंजिनात गेलेली हवा आणि तेवढं पेट्रोल पूर्ण जळायला लागणारी हवा यांचं गुणोत्तर. १ आला की हिशेब बरोबर, खाली गेला की पेट्रोल जास्त, वर गेला की हवा जास्त.

आता बघा, या दोन्ही वेळी गाडी उभी असते. न्यूट्रलमध्ये, इंजिनावर भार नाही, टर्बो जवळजवळ निवांत. तुम्हाला हवी असलेली ताकद तयार होते ३००० च्या वर, पाय पूर्ण दाबलेला असताना. ईसीयूच्या, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरच्या, मॅपमध्ये (किती पेट्रोल, किती स्पार्क याच्या तक्त्यात) या दोन जागा एकमेकांपासून बऱ्याच लांब आहेत. जाणता माणूस मॅप करताना स्लोच्या आणि हलक्या भाराच्या खान्यांना हात लावत नाही; तिथे ऑक्सिजन सेन्सरकडे बघत ईसीयू स्वतःच लॅम्बडा १ वर धरून ठेवतो. त्यामुळे नीट रीमॅप केलेली गाडी पीयूसीच्या नळीला स्टॉक, म्हणजे कारखान्यातून आली तशा, गाडीसारखीच दिसते. नुसती ताकद वाढवली म्हणून नापास झालेली गाडी मी अजून पाहिलेली नाही. नापास होतात त्या कॅट (धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) काढलेल्या, मिसफायर होणाऱ्या (ठिणगी चुकणाऱ्या), कुठल्यातरी फटीतून हवा ओढणाऱ्या किंवा ऑइल खाणाऱ्या गाड्या.

पण तुमच्या गाडीत पीयूसीच्या आधी गिअरबॉक्स आडवा येतो, आणि इथे मला तुमचा आकडा खाली आणावा लागणार आहे.

हिशेब सोपा आहे. टॉर्क न्यूटन-मीटरमध्ये घ्या, त्याला आरपीएमने गुणा, ७०२४ ने भागा, पीएस मिळतात. ६००० आरपीएमला ३०० पीएस हवे असतील तर त्या क्षणी ३५१ न्यूटन-मीटर टॉर्क लागतो, आणि त्याच्या खाली, मधल्या आरपीएमला, टर्बो सहसा याहून जास्तच देतो. तुमच्या गाडीतली डीएसजी म्हणजे डीक्यू२००. कोरडे दोन क्लच, आणि कंपनीने ठरवलेली मर्यादा २५० न्यूटन-मीटर. स्कोडाने १.८ टीएसआयला १८० पीएससोबत बरोबर २५० न्यूटन-मीटर दिले ते काही योगायोगाने नाही. वाकड-हिंजवडीच्या गर्दीत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरपटताना हे कोरडे क्लच स्टॉक गाडीतही तापतात. त्यांच्यावर ३५० चा भार टाकून तीच गाडी रोज चाकणच्या ट्रकांमागे अर्धा तास रखडवायची, हे मी कुणाला करून देणार नाही.

मी काय करतो ते सांगतो. डीक्यू२०० वर मी टॉर्क २८५ च्या वर जाऊ देत नाही. मर्यादेच्या वर आहे हे मान्य, क्लचची झीज थोडी वाढणार हे मालकाला आधी सांगतो. खाली २००० आरपीएमला तो आकडा एकदम येऊ देत नाही, हळूहळू चढवतो, कारण क्लच मरतात ते तिथल्या झटक्याने. मग २८५ चा टॉर्क वर ५५०० पर्यंत धरून ठेवायचा. २८५ गुणिले ५५०० भागिले ७०२४, म्हणजे २२३ पीएस. स्टॉकपेक्षा ४० हून जास्त, आणि तेही वरच्या आरपीएमला, जिथे स्टॉक गाडी दम सोडते. खंडाळ्याच्या घाटात ट्रकला मागे टाकताना हा फरक पाठीला जाणवतो. हा आकडा तुम्हाला छोटा वाटेल. पण हीच गाडी ८० हजार किलोमीटर पुढे गेल्यावरही तशीच चालत असेल.

३०० खरोखरच हवे असतील तर पैसे टर्बोवर घालू नका, गाडी बदला. ऑक्टाव्हियाचीच व्हीआरएस, २०१७ मध्ये आपल्याकडे आली ती, २.० टीएसआय, कारखान्यातूनच २३० पीएस आणि ३५० न्यूटन-मीटर. तिच्यात डीक्यू२५० आहे, सहा गिअर, तेलात बुडालेले क्लच. त्या गाडीला फक्त सॉफ्टवेअर आणि चांगलं पेट्रोल देऊन ३०० च्या आसपास जाता येतं, इंजिनाला ओढाताण न होता. १.८ मध्ये मोठा टर्बो बसतो, बसवणारे आहेत, पण मग गिअरबॉक्स, इंजेक्टर, पेट्रोलचा हाय प्रेशर पंप, इंटरकूलर (टर्बोने तापलेली हवा थंड करणारा रेडिएटर) अशी रांग लागते, आणि शेवटी व्हीआरएसच्या किमतीला पोचूनही गाडी व्हीआरएस होत नाही.

आता कॅटकडे येऊ. उत्सर्जनाच्या बाजूने जपायची सगळ्यात महत्त्वाची वस्तू ती. तुमच्या इंजिनात कॅट टर्बोला जवळजवळ चिकटून आहे, आणि ते मुद्दाम आहे. कॅट साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअसला काम सुरू करतो. जितका इंजिनाजवळ, तितका लवकर तापतो. आत प्लॅटिनम गटातले धातू सीओ आणि हायड्रोकार्बन जाळतात, नायट्रोजन ऑक्साइड फोडतात, आणि सिरियमचं ऑक्साइड थोडा ऑक्सिजन साठवून गरजेला सोडतं. ही तिन्ही कामं एकदम होतात ती लॅम्बडा १ च्या अगदी अरुंद पट्ट्यात. म्हणून ईसीयू मिश्रण सतत किंचित इकडे, किंचित तिकडे हलवत असतो.

या गाड्यांना सगळ्यात आधी सुचवला जातो तो 'डीकॅट' डाउनपाइप, म्हणजे टर्बोनंतरचा एक्झॉस्ट पाइप, कॅट नसलेला. लहान टर्बोवर त्यातून मिळणारी ताकद थोडकी, जाणारं मोल फार. डीकॅट गाडी स्लोवरच हायड्रोकार्बनमध्ये अडकते. त्यावर इलाज म्हणून कॅटच्या मागच्या ऑक्सिजन सेन्सरला स्पेसर लावून त्याला धुरापासून लांब ठेवतात किंवा सॉफ्टवेअरमध्ये पी०४२० हा कॅट कमजोर असल्याचा कोड बंद करतात. चेक लाइट विझतो, धूर तसाच राहतो. त्या धुरामागे सिग्नलला कुणीतरी स्कूटरवर पोराला पुढे उभं करून थांबलेलं असतं. मी डीकॅटचं काम घेत नाही, आणि ज्यांचं आधी केलेलं आहे त्यांना कॅट परत बसवायला लावल्याशिवाय मॅपला हात लावत नाही. काही गिऱ्हाइकं त्यामुळे गेली. ठीक आहे.

डाउनपाइप बदलायचाच असेल तर चांगल्या प्रतीचा मेटल कॅट असलेला घ्या, आणि जाळीतल्या पेशी (छिद्रं) मोजून घ्या. बाजारात स्पोर्ट्स कॅट म्हणून मिळतो तो बहुधा प्रति चौरस इंच २०० पेशींचा असतो. तो गरम असताना पीयूसी पास करतो, पण मागचा सेन्सर त्याला लवकरच नापास ठरवतो. ३०० ते ४०० पेशींचा, धातूंचा लेप खरोखर असलेला, रोजच्या गाडीला योग्य. २२०-२२५ पीएससाठी मात्र स्टॉक कॅटला हात लावायची गरजच नाही. तुमच्या गाडीत तो तसाच ठेवा.

आणि 'फटाके' नकोत. ॲक्सिलरेटर सोडल्यावर सायलेन्सरमधून फट-फट वाजवण्यासाठी मॅपमध्ये पेट्रोल चालू ठेवतात आणि स्पार्क उशिरा पाडतात. ते पेट्रोल एक्झॉस्टमध्ये जळतं, कॅटच्या तोंडाशी. दोन वर्षांपूर्वी एक पोलो आली होती, दुसरीकडे फटाक्यांचा मॅप टाकलेली. तक्रार अशी की चढावर दमच नाही. पाइप उतरवून टॉर्च मारली. मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी दिसायला हवी तिथे मेण वितळून थिजावं तसा गोळा, आणि कडेला दोन बोटांएवढी फट. त्या फटीतून इंजिन जेमतेम श्वास घेत होतं. मालक कॉलेजातला मुलगा होता. नव्या कॅटची किंमत ऐकून तो बराच वेळ पायरीवर बसून राहिला.

पूर्ण दाबलेल्या पायाखाली लॅम्बडा १ च्या खाली जातो, म्हणजे पेट्रोल जास्त घातलं जातं, आणि ते कारखान्याच्या मॅपमध्येही असतं. ते जास्तीचं पेट्रोल एक्झॉस्ट थंड ठेवतं, टर्बो आणि कॅट वाचवतं. काही जण जास्त आकडा काढण्यासाठी ते कमी करतात. डायनोवरच्या (ताकद मोजायच्या रोलरवरच्या) एका फेरीत ते खपतं. एप्रिलच्या दुपारी, कात्रजच्या चढावर, चार माणसं आणि एसी चालू असताना खपत नाही. उष्म्यात इंटरकूलर स्वतःच तापून राहतो, आत जाणारी हवा गरम होते, नॉक (मिश्रण वेळेआधी भडकून बसणारे धक्के) सुरू होतो, ईसीयू स्पार्क मागे ओढतो, एक्झॉस्ट आणखी तापतो. म्हणून मी मॅप हिवाळ्यात केला तरी शेवटचा लॉग (चालत्या गाडीतून नोंदवलेले सेन्सरचे आकडे) उन्हाळ्यात परत मागवतो.

पेट्रोलबद्दल. पंपावर आता ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं आणि तुमची गाडी २०१८ ची, म्हणजे ई२० लक्षात घेऊन बनवलेली नाही. ऑक्टेन वाढल्याने नॉकच्या बाजूने थोडी मदत होते, पण इथेनॉलला स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याच हवेला जास्त पेट्रोल घालावं लागतं. शुद्ध पेट्रोलला हवा आणि पेट्रोल यांचं प्रमाण १४.७ ला १, ई२० ला ते साडेतेराच्या आसपास येतं. जुन्या सवयीने १४.७ डोक्यात धरून एएफआरच्या (हवा-पेट्रोल प्रमाणाच्या) मीटरकडे बघत मॅप करणारे इथेच फसतात. लॅम्बडा बघा, तो पेट्रोल बदललं तरी १ च राहतो. इंजेक्टर आणि हाय प्रेशर पंप यांची शिल्लक ताकद ई२० ने थोडी खाल्ली जाते. २२३ पीएसला पुरते, ३०० ला पुरेलच असं नाही. पेट्रोल एकच धरा. एक्सपी९५ वर (९५ ऑक्टेनच्या पेट्रोलवर) मॅप केला तर एक्सपी९५ च भरा. १०० ऑक्टेनच्या एक्सपी१०० वर मॅप करून गावाला साधं पेट्रोल भरणं हा रोजच्या गाडीसाठी चुकीचा बेत आहे.

मॅपच्या आधीचं काम कंटाळवाणं आहे आणि तेच निर्णायक आहे. ६२,००० वर स्पार्क प्लग नवे घालायचे, गॅप ०.६ मिलिमीटरच्या आसपास, कारण जास्त बूस्टमध्ये (टर्बोच्या दाबात) मोठ्या गॅपवर ठिणगी विझते. विझली की न जळलेलं पेट्रोल थेट कॅटमध्ये. एक घर थंड प्लग (उष्णता लवकर बाहेर टाकणारा) वापरायचा मोह होतो. गर्दीत चालणाऱ्या गाडीत तो काळा पडतो, म्हणून २२३ ला मी स्टॉक हीट रेंजच ठेवतो. पेट्रोल फक्त थेट सिलिंडरमध्ये फवारलं जात असेल तर इनटेक व्हॉल्व्ह धुतले जात नाहीत आणि त्यांच्यावर कार्बन बसतो. ६०-७० हजारांवर तो खरवडून काढला की स्लो शांत होतो आणि हायड्रोकार्बनचा आकडा खाली येतो. या इंजिनांत पीसीव्हीची (इंजिनातली वाफ परत इनटेककडे नेणाऱ्या व्हॉल्व्हची) डायफ्रॅम फाटते. ऑइल फिलर कॅप उघडताना शिट्टी आली किंवा कॅप ओढल्यासारखी बसली असेल तर संशय घ्या. फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू पेट्रोलमध्ये स्वतः करत असलेली दुरुस्ती, वाचा. लाँग टर्म अधिक-उणे ५ टक्क्यांत असेल तर पुढे जा, १० च्या पुढे असेल तर आधी कारण शोधा. मॅपने रोग झाकू नये.

ऑइलही बघा. हजार किलोमीटरला अर्धा लिटर घेणाऱ्या गाडीत ऑइलमधला फॉस्फरस कॅटवर थर धरतो आणि तो मरतो, मॅप कितीही चांगला असो. आणि फिटरला सांगा की एक्झॉस्टकडे किंवा टॅपेट कव्हरला साधा सिलिकॉन फासू नको. ऑक्सिजन सेन्सरला चालेल असं डब्यावर लिहिलेलाच वापरायचा. सिलिकॉनची वाफ सेन्सरच्या टोकावर पांढरी पूड बसवते, सेन्सर आळशी होतो, ईसीयूला खोटं वाचायला मिळतं.

गेल्या वर्षीची एक गोष्ट तपशिलात सांगतो, कारण ती तुमच्या बाबतीतही होऊ शकते. १.८ च होती, आमचाच मॅप, पीयूसी सेंटरला स्लोवर सीओ ०.०१, हायड्रोकार्बन १९. उत्तम. २५०० ला लॅम्बडा १.०६. नापास. मालक चिडला, साहजिक आहे, त्याला वाटलं मॅप गरीब (पेट्रोल कमी, हवा जास्त) केलाय. लॉग काढला तर ईसीयू सांगतोय लॅम्बडा १.००. दोघंही खरं बोलत होते. पीयूसीचं यंत्र लॅम्बडा थेट मोजत नाही, धुरातल्या सीओ, कार्बन डायऑक्साइड, हायड्रोकार्बन आणि ऑक्सिजनवरून काढतं. बाहेरची हवा पाइपात शिरली तर ऑक्सिजन वाढतो आणि गाडी गरीब चालल्यासारखी दिसते. गाडी लिफ्टवर घेतली, सायलेन्सरच्या तोंडाला ओला बोळा धरला, आणि मधल्या जॉइंटच्या क्लॅम्पपाशी फुस्स आवाज. हात जवळ नेला तर गरम वाफ बोटांना लागत होती, क्लॅम्पभोवती काजळीची पिसासारखी रेघ. क्लॅम्प बदलला, पेस्ट लावली. त्याच संध्याकाळी लॅम्बडा १.००. म्हणून एक्झॉस्टचं काही काम झालं असेल तर पीयूसीआधी हा बोळा धरून बघाच.

जाताना इंजिन पूर्ण गरम असू द्या. वीस मिनिटं चालवून जा, रांगेत बंद करून उभी ठेवू नका, नळी घालण्याआधी मिनिटभर २५०० ला धरा. थंड कॅट काम करत नाही, त्यामुळे तो तपासण्यात अर्थ नाही. नळी आत नीट गेली आहे का तेही बघा. निम्मी बाहेर लोंबत असेल तर सीओ आणि हायड्रोकार्बनचे आकडे चांगले येतात, पण ते आकडे तुमच्या गाडीचे नसतात.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. पीयूसी नायट्रोजन ऑक्साइड मोजत नाही. एआरएआयसारख्या वाहनं तपासणाऱ्या संस्थेत गाडी मंजुरीला जाते तेव्हा बीएस-४ पेट्रोलला ते किलोमीटरला ०.०८ ग्रॅम आणि बीएस-६ ला ०.०६ ग्रॅमच्या आत दाखवावं लागतं, तेही रोलरवर गाडी चालवून. ॲव्हरेजसाठी क्रूझिंगला (एकसारख्या वेगाने जाताना) मिश्रण गरीब करणारा मॅप पीयूसी हसत पास होईल आणि नायट्रोजन ऑक्साइड भरभरून सोडेल. म्हणून क्रूझिंगला लॅम्बडा १, मागचा सेन्सर चालू, ईसीयूच्या सगळ्या स्वयं-तपासण्या (मॉनिटर) चालू, असंच मी ठेवतो. कॅलिफोर्नियात असलेल्या आपल्या मंडळींना हे सक्तीचंच आहे. तिथे स्मॉग चेकला, म्हणजे तिथल्या पीयूसीला, ओबीडीचा (ईसीयू वाचायचा) प्लग लावतात, आणि जुलै २०२१ पासून ईसीयूचं सॉफ्टवेअर बदललेलं आहे का तेही बघतात. सुटा भाग लावायचा तर त्याला तिथल्या हवा प्रदूषण मंडळाचा मंजुरी क्रमांक लागतो. आपल्याकडे प्लग लावत नाहीत, पण गाडी तशी तपासली तरी उभी राहील अशीच बांधायची.

कायदाही बघून घ्या. पीयूसी पास झाली म्हणजे फेरबदल कायदेशीर झाला असं नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने मूळ ठरवलेल्या तपशिलापासून नोंदणीतला तपशील वेगळा होईल असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कडकपणे वाचलं. इंजिन बदलणं, रचना बदलणं या वाटेला जाऊ नका. विमा कंपनीला रीमॅप लेखी कळवा. काही जण हप्ता वाढवतात, काही नाकारतात, पण अपघातानंतर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं. प्रदूषणाची मर्यादा ओलांडली तर कलम १९०(२) खाली १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. तुमच्या बीएस-४ गाडीची पीयूसी १२ महिने चालते.

डिझेलवाल्यांचाही प्रश्न येईल म्हणून दोन ओळी. तिथे गाडी जोरात रेस करून धूर मोजतात. बूस्ट यायच्या आधी डिझेल ओतलं की काळा धूर, म्हणून मॅपमधला स्मोक लिमिटर (हवेच्या मानाने डिझेल रोखणारी मर्यादा) काढू नका, आणि डीपीएफ (काजळी अडवणारा फिल्टर) असेल तर तो कापू नका.

तर तुमच्यासाठी क्रम असा. आधी स्मोक मशीनने इनटेकची गळती बघून घ्या, कॉम्प्रेशन, प्लग, व्हॉल्व्हचा कार्बन, पीसीव्ही. मग आजच्या स्टॉक मॅपवरच पीयूसी काढा आणि ती चिठ्ठी जपून ठेवा. रीमॅपनंतरचे आकडे तिच्याशी ताडून बघायचे आहेत. डीएसजीच्या क्लचचं ॲडाप्टेशन (झिजेप्रमाणे गिअरबॉक्सने स्वतः केलेली जुळवणी) आणि उरलेली जाडी स्कॅनरवर वाचून घ्या. ती कमी असेल तर आधी क्लच, मग ताकद. आणि एक लॉग घेऊन या: मोकळ्या रस्त्यावर चौथा गिअर, २००० ते ६०००, बूस्ट, लॅम्बडा, स्पार्क, आत येणाऱ्या हवेचं तापमान, चारही सिलिंडरचा नॉक. टाकीत कुठलं पेट्रोल होतं आणि बाहेर ऊन किती होतं तेही कागदावर लिहून आणा.